कोपरा कापलेले प्रमाणपत्र : नागपूरच्या एका नौसैनिकाचे युद्ध, संप आणि विलायत

गांधीसागर (धागा सुरू करणारी)

नमस्कार.

गेल्या महिन्यात नागपूरच्या महाल भागातले आमचे जुने घर रिकामे करताना माळ्यावरची एक पत्र्याची पेटी खाली उतरवली. तीत माझ्या आजोबांच्या धाकट्या भावाचे कागद निघाले. वडिलांचे ते काका. घरात सगळेच त्यांना काकाजी म्हणत, म्हणून आम्हा नातवंडांचेही ते काकाजीच झाले. दुसऱ्या महायुद्धात ते नौदलात होते आणि १९६२ मध्ये विलायतेला गेले. १९९१ मध्ये ते तिकडेच वारले. त्यांच्या अस्थींचा काही भाग इकडे आणून रामटेकच्या अंबाळा तलावात विसर्जित केला, तेव्हा मी सोबत होते.

त्यांच्याविषयी आमच्या घरात एकच वाक्य बोलले जाई : "लढाईत होते, मग विलायतेला गेले." कोणत्या लढाईत, कोणत्या जहाजावर आणि परत आल्यावर सोळा वर्षे नागपुरात काय केले, हे कोणी विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही. नागपूरहून समुद्र गाठायचा तर रेल्वेने अख्खी रात्र जाते. १९२४ साली महालात जन्मलेला आणि पोहायला जुम्मा तलावात, म्हणजे आजच्या गांधीसागरात शिकलेला मुलगा खलाशी झाला, याचे त्या काळी घरात कौतुक झाले असेल असे मला वाटत होते. पेटीतली पत्रे वाचल्यावर कळले की ते घरी न सांगता भरती झाले होते.

धागा काढण्याचे मुख्य कारण मात्र एक कागद आहे. तो नौदलातील सेवेचे प्रमाणपत्र आहे. कागद जाड असून घड्यांवर विरला आहे. त्यावर नाव, वडिलांचे नाव, जन्मगाव, उंची, छातीचे माप, हुद्दा 'टेलिग्राफिस्ट' (बिनतारी संदेश घेणारा-पाठवणारा), जहाजांची आणि नौदल-तळांची नावे आणि तारखा आहेत. शेवटची नोंद १९४६ ची आहे. त्या कागदाचा एक कोपरा नाही. आजी म्हणायची, उंदराने कुरतडला. मी तो कागद खिडकीपाशी उजेडात धरून पाहिला. कड अगदी सरळ आहे, एका फटक्यात कात्रीने कापावी तशी. उंदीर असे कुरतडत नाही.

माझी त्यांची एकच नीट आठवण आहे. १९७८ मध्ये ते महिनाभर नागपूरला आले होते, तेव्हा मी नऊ वर्षांची होते. पंगतीत पान वाढून होईपर्यंत त्यांचे उजव्या हाताचे मधले बोट ताटाच्या कडेवर टकटक करीत असे. मी विचारले तेव्हा त्यांनी तारेच्या मोर्स लिपीत 'नागपूर' कसे वाजते ते इंग्रजी अक्षरांत दाखवले. 'एन' म्हणजे एक लांब आणि एक आखूड, 'ए' म्हणजे एक आखूड आणि एक लांब. "बघ," ते म्हणाले, "आपल्या गावाची पहिली दोन अक्षरं एकमेकांना पाहून उलटी उभी आहेत." ती सहा अक्षरे मला अजून वाजवता येतात.

कोपऱ्याचा अर्थ कोणी सांगू शकेल काय? शाही हिंदी नौदलाविषयी ज्यांना माहिती आहे त्यांनीही कृपया लिहावे.

नांगर

मी नौदलात विद्युत शाखेत पंधरा वर्षे काढली. १९७१ च्या युद्धात पश्चिमेच्या ताफ्यात होतो आणि आता मानेवाडा रोडला राहतो. तुमचा धागा वाचून रात्री झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

ब्रिटिश नौदलाच्या सेवा-प्रमाणपत्रावर एक छापील सूचना असे. खलाशाला 'वाईट' वर्तनाचा शेरा देऊन किंवा बेइज्जत करून काढले, तर या कागदाचा कोपरा खूण केलेल्या जागी कापावा, असा तिचा आशय होता. आपले त्या वेळचे नौदल ब्रिटिश नौदलाच्याच नमुन्यांवर चालत होते. त्यामागचा हेतू सरळ आहे. शाईने लिहिलेला शेरा खोडता येतो, त्यावर पाणी सांडता येते. कापलेला कोपरा परत जोडता येत नाही. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही तो कागद हातात घेताच कळतो.

तुमच्या काकाजींची शेवटची नोंद १९४६ ची आहे आणि ते टेलिग्राफिस्ट होते, या दोन गोष्टी एकत्र ठेवा. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत नौसैनिकांचा संप झाला, हे आपण शाळेत दोन ओळींत शिकलो आहोत. शेवटच्या नोंदीत नौदल-तळाचे नाव कोणते आहे ते कृपया पाहून सांगा.

गांधीसागर

पाहिले. 'तलवार' असे आहे.

जुनी कात्रणे

मग आता क्रमाने लिहितो, कारण संपाकडे जाण्याआधी युद्ध पाहणे आवश्यक आहे. १९४६ चे नौसैनिक म्हणजे जणू फक्त संपवाले, असे आपण लिहितो आणि त्यांनी त्याआधी काय केले ते गाळतो.

१९३९ मध्ये युद्ध सुरू झाले तेव्हा शाही हिंदी नौदल अगदी छोटे होते, मोजून काही जहाजे आणि दोन हजारांच्या आतले मनुष्यबळ. युद्ध संपेपर्यंत ही संख्या सुमारे ३०,००० वर गेली. या वाढीत नव्या शाखांना नवी माणसे लागली. तोफा आणि दोरखंड सांभाळायला कोकणातले आणि पंजाबातले तरुण आधीपासून येत होते, परंतु बिनतारी संदेश, सिग्नल आणि रडार यांसाठी इंग्रजी लिहिता-वाचता येणारी मुले हवी होती. त्यामुळे समुद्र कधी न पाहिलेली मॅट्रिक झालेली मुले आतल्या शहरांतून या शाखांत आली. नागपूरचा मुलगा नौदलात कसा गेला, याचे उत्तर बहुधा यात आहे. या शिकलेल्या मुलांना वर्तमानपत्र वाचता येत होते आणि इंग्रज अधिकारी त्यांच्यासमोर काय बोलत होते तेही कळत होते, ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

या नौदलाचे काम छोटे नव्हते. ११ नोव्हेंबर १९४२ रोजी 'बेंगाल' नावाच्या आपल्या छोट्या सुरुंगशोधक जहाजाने हिंदी महासागरात 'ओंडिना' या डच तेलवाहू जहाजासोबत दोन मोठ्या सशस्त्र जपानी जहाजांशी सामना दिला. त्यांतले 'होकोकू मारू' बुडाले आणि 'बेंगाल' व 'ओंडिना' दोन्ही बंदराला लागली. १९४३ मध्ये 'सतलज' आणि 'जमना' सिसिलीच्या स्वारीत होत्या. ऑगस्ट १९४४ मध्ये सेशेल्सजवळ 'गोदावरी'ने एका ब्रिटिश जहाजाबरोबर जर्मन पाणबुडी 'यू-१९८' बुडवली. एप्रिल १९४२ मध्ये ब्रह्मदेशातल्या अक्याबजवळ जपानी विमानांनी 'इंडस' बुडवली, तो आपल्या बाजूचा तोटा. जहाजांना नद्यांची नावे होती, हे वाचताना मला नेहमी बरे वाटते.

काकाजी कोणत्या जहाजावर होते?

गांधीसागर

प्रमाणपत्रावर 'नर्बदा' आहे, डिसेंबर १९४४ पासून. त्याआधी मुंबई.

१९४४ आणि १९४५ ची सात पत्रे आहेत, सगळी आजोबांना लिहिलेली आणि सेन्सॉरच्या शिक्क्याची. जागांची नावे त्यांत नाहीत, ती लिहायची परवानगी नव्हती. एक पत्र मात्र मुंबईचे आहे आणि त्याची तारीख मे १९४४ ची आहे. त्या वर्षी १४ एप्रिलला व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' हे जहाज फुटले, तेव्हा ते कुलाब्याला होते. त्या जहाजात दारूगोळा आणि कापूस एकत्र भरलेला होता, सोन्याच्या विटाही होत्या. कापसाने पेट घेतला आणि दुपारी चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला. त्यानंतर अर्ध्या तासाच्या आत दुसरा, त्याहून मोठा. शेकडो माणसे गेली, आग विझवायला गेलेले बंबवालेही गेले. त्यांच्या स्मरणार्थ आजही देशभर १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात. काकाजींनी आजोबांना लिहिले आहे की रात्री आकाश संत्र्याच्या सालीच्या रंगाचे होते. नागपूरच्या माणसाला दुसरी उपमा कशी सुचणार.

'नर्बदा'वरच्या पत्रांत ते बिनतारीच्या खोलीविषयी पुन्हापुन्हा लिहितात. समुद्रावर असताना आपण होऊन संदेश पाठवायला मनाई असे, कारण पाठवला की शत्रूला जहाजाची दिशा कळते. म्हणून टेलिग्राफिस्टचे काम मुख्यतः ऐकण्याचे. चार तास कानाला यंत्र लावायचे, आलेली प्रत्येक टकटक पेन्सिलीने उतरवायची, आणि आपल्या बाजूने गप्प राहायचे. खोलीत वारा नसे. त्यांनी लिहिले आहे की पेन्सिल घामाने निसटू नये म्हणून ते तिला सुतळी गुंडाळत. पेटीत सुतळी गुंडाळलेला पेन्सिलीचा तुकडा आहे. पत्र वाचेपर्यंत मला तो कचरा वाटला होता आणि मी तो टाकून देणार होते.

जुनी कात्रणे

तो जपून ठेवा.

डिसेंबर १९४४ पासून 'नर्बदा' म्हणजे अराकानची, ब्रह्मदेशाच्या पश्चिम किनाऱ्यावरची मोहीम. ३ जानेवारी १९४५ रोजी अक्याबवर फौजा उतरल्या, तेव्हा जपानी निघून गेलेले होते. त्यानंतर मात्र १२ जानेवारीला म्येबोन आणि २२ जानेवारीपासून कांगॉ येथे तीव्र लढाई झाली. त्या किनाऱ्यावर 'चौंग' म्हणतात अशा भरती-ओहोटीच्या अरुंद खाड्या आहेत, दोन्ही काठांवर खारफुटी आणि तीत लपवलेल्या तोफा. 'नर्बदा' आणि 'जमना' या तेराशे टनांच्या आसपासच्या स्लूप जातीच्या लढाऊ नौका या खाड्यांत शिरून, काठावरच्या फौजेला चार इंची तोफांचा आधार देत होत्या. खोल समुद्रासाठी बांधलेले जहाज खाडीत वळवायलाही जागा नसते. बाहेर चाललेला भडिमार काकाजींना बंद खोलीत फक्त हादऱ्यांतून कळत असणार. किनाऱ्यावरून "तोफा अमुक दिशेला वळवा" असा येणारा संदेश कोणत्या तरी टेलिग्राफिस्टच्या कानातूनच जात होता.

आणखी एक सांगतो. फाळणीत नौदलाची वाटणी झाली तेव्हा 'नर्बदा' पाकिस्तानच्या वाट्याला गेली आणि तिचे नाव 'झेलम' झाले. 'गोदावरी'ही तिकडेच गेली.

धंतोली

संपाविषयी कोणी लिहील काय? माझ्या मुलाच्या पुस्तकात त्यावर जेमतेम दोन ओळी आहेत.

जुनी कात्रणे

'तलवार' हे मुंबईत कुलाब्याला असलेले सिग्नलचे शिक्षण देणारे केंद्र होते. तिथे बिनतारी शाखेचे हजाराहून अधिक तरुण राहत होते, त्यांत युद्ध संपल्यामुळे घरी जाण्याची वाट पाहणारेही होते. निकृष्ट जेवण, त्याच कामासाठी गोऱ्या खलाशांपेक्षा फार कमी पगार आणि अधिकाऱ्याच्या तोंडून जातीवरून, रंगावरून येणाऱ्या शिव्या, या त्यांच्या तक्रारी होत्या. डिसेंबर १९४५ मध्ये तिथल्या भिंतींवर 'भारत छोडो' अशा घोषणा रंगवलेल्या आढळल्या आणि पुढे बी. सी. दत्त या टेलिग्राफिस्टला अटक झाली. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी सकाळी खलाशांनी जेवण नाकारले आणि संप सुरू झाला.

हे सगळे टेलिग्राफिस्ट होते हे विसरू नका. युद्धात ज्यांना गप्प राहून ऐकायला शिकवले होते, त्यांच्याच हातात आता यंत्रे होती. एका दिवसात बातमी बंदरातल्या जहाजांवर, तिथून कराची, मद्रास, विशाखापट्टणम, कलकत्त्यापर्यंत पोचली. एकूण ७८ जहाजे, २० किनाऱ्यावरचे तळ आणि सुमारे २०,००० खलाशी संपात आले. मध्यवर्ती संप समितीचे अध्यक्ष एम. एस. खान आणि उपाध्यक्ष मदन सिंग होते. जहाजांवर काँग्रेस, मुस्लिम लीग आणि कम्युनिस्ट असे तिन्ही झेंडे एकत्र लागले. जेवण-पगाराबरोबर आझाद हिंद सेनेच्या कैद्यांची सुटका आणि इंडोनेशियातून हिंदी फौजा परत बोलावणे, या मागण्याही त्यांत होत्या. २२ तारखेला मुंबईचे गिरणी कामगार रस्त्यावर उतरले आणि गोळीबारात दोनशेहून अधिक माणसे मेली. वल्लभभाई पटेलांनी शरण जाण्याचा सल्ला दिला, लीगनेही तेच सांगितले, आणि २३ फेब्रुवारीला सकाळी संप मागे घेतला गेला.

त्यानंतर चारशेहून अधिक खलाशांना नौदलातून काढण्यात आले. न्यायमूर्ती फझल अली यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोगही बसला. पण देश स्वतंत्र झाल्यावर या माणसांना ना भारताच्या नौदलाने परत घेतले, ना पाकिस्तानच्या.

वर्धा रोड

धागा वाचतो आहे आणि सर्वांच्या अभ्यासाविषयी आदर आहे. तरीही एक प्रश्न मनात येतो तो मोकळेपणाने मांडतो. हे गृहस्थ आधी साम्राज्यासाठी लढले, मग साम्राज्याविरुद्ध संपावर गेले, आणि देश स्वतंत्र झाल्यानंतर साम्राज्याच्याच देशात जाऊन स्थायिक झाले. घरच्यांनी त्यांची आठवण काढावी हे योग्यच आहे. पण स्वातंत्र्यसैनिक म्हणून त्यांचा गौरव करायचा तर ते इथेच राहायला हवे होते, असे मला वाटते. माझे आजोबा १९४२ मध्ये नागपूरच्या तुरुंगात होते आणि त्यानंतर त्यांनी सगळे आयुष्य इथेच काढले.

नांगर

वर्धा रोड, तुमच्या आजोबांना माझा नमस्कार. तुमचा प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून उत्तरही सरळ देतो.

१९७१ मध्ये ४ डिसेंबरच्या रात्री आमच्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला आणि ९ तारखेला दीवजवळ आपली युद्धनौका 'खुक्री' बुडाली. कॅप्टन मुल्ला जहाजाबरोबर गेले, १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले. त्यांतले काही माझ्या ओळखीचे होते. आम्ही जे परत आलो, त्यांना ४ डिसेंबर हा नौदल दिन मिळाला. दीवला स्मारक झाले. निवृत्त झाल्यावर मी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात गेलो, तेव्हा समोरच्या माणसाने खुर्ची दिली. माझ्या कागदाचे चारही कोपरे शाबूत होते.

१९४६ मध्ये काकाजी बावीस वर्षांचे होते. इंग्रजांचा शेरा घेऊन ते गावी आले. इंग्रज गेले, शेरा राहिला. सरकारी नोकरीच्या प्रत्येक दारात आधी तो कागद दाखवायचा होता. १९७२ मध्ये स्वातंत्र्यसैनिकांसाठी केंद्राची निवृत्तिवेतन योजना आली आणि नौदल उठाव तीत मान्य झाला, हे चांगले झाले. पण तोवर सव्वीस वर्षे झाली होती आणि ते दहा वर्षांपूर्वीच निघून गेले होते. गेल्याचा ठपका फक्त त्यांच्यावर ठेवता येणार नाही.

वर्धा रोड

तुमचे म्हणणे मला पटले. मी सव्वीस वर्षांचा हिशेब केलाच नव्हता.

गांधीसागर

वर्धा रोड, तुमचा प्रश्न आमच्या घरातही होता, फक्त कोणी मोठ्याने बोलत नसे.

१९४६ ते १९६२ या काळाविषयी वडिलांनी सांगितले ते लिहिते. सीताबर्डीवर एका दुकानाच्या मागच्या खोलीत ते रेडिओ दुरुस्त करत. १९४८ मध्ये नागपूरला आकाशवाणीचे केंद्र सुरू झाले आणि घराघरांत संच यायला लागले, म्हणून काम मिळत गेले. वडील शाळेतून येताना तिथे थांबत. काकाजी रेडिओतली झडप (व्हॉल्व्ह) तापेपर्यंत डोळे मिटून खरखर ऐकत आणि बिघाड कुठे आहे ते आवाजावरून सांगत. मग १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूरची राजधानी गेली, कितीतरी कचेऱ्यांतली कुटुंबे भोपाळला आणि मुंबईला गेली. दुकानाचे गिऱ्हाईक निम्म्याने घटले. विलायतेत राष्ट्रकुलातल्या लोकांच्या येण्यावर निर्बंध घालणारा कायदा होणार, ही बातमी त्यांनी रेडिओवरच ऐकली होती. १ जुलै १९६२ पासून तो अमलात आला. त्याआधी तीन महिने ते निघाले.

बॅलार्ड पियरवर पोचवायला आजोबा आणि वडील गेले होते. वडील तेव्हा वीस वर्षांचे होते. अँकर लाइनचे जहाज होते, मुंबईहून कराची, एडन, सुवेझमार्गे लिव्हरपूल. काकाजींनी वडिलांना गोदीतल्या खुणा दाखवल्या, कुलाबा कुठे, गोद्या कुठे. "इथे मी एकदा आलो होतो," एवढेच म्हणाले.

तिकडे ते वुल्व्हरहॅम्प्टनला होते. त्या भागात राहणारे कोणी इथे आहे काय?

मिडलँड्सकर

आहे. माझे वडील १९६३ मध्ये अमरावतीहून आले आणि मी इथेच वाढलो. मराठी आईकडून शिकलो, लिहिताना चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

त्या काळात भारतातून निघताना परकीय चलनाची टंचाई असल्यामुळे हातात फक्त तीन पौंड नेता येत. माझ्या वडिलांनी ते तीन पौंड पहिल्या आठवड्यात खोलीच्या भाड्याला दिले. एका खोलीत चार-पाच माणसे, दिवसपाळीचा उठला की त्याच बिछान्यात रात्रपाळीचा झोपायचा. काम फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात मिळे, कारण ते इंग्रज कामगारांना नको होते. तापलेल्या वाळूच्या साच्यांशेजारी आठ तास उभे राहायचे. पंजाबी लोक पुष्कळ होते आणि त्यांत युद्धात लढलेले माजी सैनिक होते. मराठी माणूस क्वचित दिसे. लंडनला १९३२ पासून महाराष्ट्र मंडळ होते, पण आमच्या भागातून गणपतीला तिथे जायचे म्हणजे दिवसभराची मजुरी सोडायची.

तुमच्या काकाजींना मी ओळखत असण्याची शक्यता आहे. लहान असताना नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी, म्हणजे युद्धातल्या मृतांच्या स्मरणदिनी, वडील मला गावच्या स्मारकापाशी नेत. पंजाबी माजी सैनिक पदके लावून येत. अनेकांच्या छातीवर बर्मा स्टार असे, गडद निळ्या, लाल आणि केशरी रंगांच्या फितीचा. त्यांच्याबरोबर एक नागपूरचे गृहस्थ उभे असत, राखाडी कोट, कागदाचे लाल पॉपी फूल आणि पदक एकही नाही. मी वडिलांना विचारले, हे लढाईत नव्हते का? वडील म्हणाले, होते, पण त्यांची पदके सरकारने दिली नाहीत. दोन मिनिटांच्या शांततेत त्यांचे एक बोट कोटाच्या शिवणीवर हलत असे. ते मला थंडीमुळे वाटे. आज तुमची पहिली पोस्ट वाचली आणि काही वेळ लिहिता आले नाही.

१९६८ चा एप्रिलही सांगायला हवा. आमच्याच गावचे खासदार ईनॉक पॉवेल यांनी बर्मिंगहॅमला आमच्या येण्याविरुद्ध ते भाषण केले. ते स्वतः युद्धकाळात भारतात लष्करी अधिकारी होते. भाषणानंतर फाउंड्रीत लोक आमच्याशी बोलेनासे झाले. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये जायचे की नाही, असा प्रश्न वडिलांना पडला होता. नागपूरचे ते गृहस्थ आमच्या घरी आले, चहा प्यायले आणि म्हणाले की आपण दरवर्षी जातो, यंदाही जाऊ. त्या दिवशी ते पहिल्या रांगेत उभे होते.

नांगर

शिक्षा होऊन काढलेल्या सैनिकाची पदके रोखण्याची किंवा परत घेण्याची तरतूद तेव्हाच्या लष्करी नियमांत होती. कोपरा आणि पदके यांचा हिशेब जुळतो.

लंडनमध्ये बकिंगहॅम राजवाड्याजवळ कॉन्स्टिट्यूशन हिलवर २००२ मध्ये भारतीय उपखंड, आफ्रिका आणि कॅरिबियनमधून लढलेल्या सैनिकांसाठी स्मृतिद्वारे उभी राहिली. ती पाहायला ते नव्हते. मुंबईत कुलाब्याला नौदल उठावाचे स्मारक आहे. मस्जिद बंदरला खलाशांच्या निवासगृहात युद्धात गेलेल्या खलाशांचे स्मारक आहे. काकाजी तिथेही नसतील, कारण ते युद्धात मेले नाहीत. ताई, जमल्यास दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात संपाच्या कागदांत शोध घ्या. संपातले आणि काढलेले खलाशी यांचे पुष्कळ कागद तिथे आहेत.

गांधीसागर

मिडलँड्सकर, तुमची पोस्ट मी वडिलांना मोठ्याने वाचून दाखवली. राखाडी कोटवाले ते काकाजीच, असे ते म्हणाले. तो कोट त्यांनी १९७८ मध्येही घातला होता, नागपूरच्या मे महिन्यात, आणि आई त्यांना रागावली होती.

कोपऱ्याचे सांगितल्यावर वडील बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले की आजोबांना ते माहीत होते. १९४७ च्या पावसाळ्यात एका कचेरीत तारेचे काम येणाऱ्यांची भरती होती, तेव्हा आजोबा काकाजींबरोबर गेले होते. टेबलामागच्या कारकुनाने कागद हातात घेतला, उलगडला, आणि वाचायच्या आधी कडेवरून अंगठा फिरवला. कापलेल्या जागी अंगठा थांबला. त्याने कागद तसाच घडी करून परत दिला, एक शब्दही न बोलता. परत येताना महालापर्यंत दोघे चालत आले. उंदराची गोष्ट घरात आजोबांनीच पहिल्यांदा सांगितली, आजीने विचारले तेव्हा. पुढे ती सगळ्यांची झाली.

विलायतेला निघताना काकाजींनी कपडे, दाढीचे सामान आणि रेडिओची हत्यारे घेतली आणि हा कागद इथे ठेवला. वडिलांनी कारण विचारले होते. तिकडे तो कोणी मागणार नाही, असे ते म्हणाले होते.

अभिलेखागाराला अर्ज पाठवला आहे. काल प्रमाणपत्र चौकटीत बसवायला सीताबर्डीवर घेऊन गेले. चौकटवाल्या काकांनी कागद पाहिला आणि म्हणाले, बाई, कोपरा गेला आहे, पण काळजी करू नका, वरून पुठ्ठ्याची पट्टी अशी बसवतो की कोणाला दिसणार नाही. मी त्यांना सांगितले की पट्टी चारही बाजूंनी बोटभर मागे घ्या, कापलेली कड पूर्ण दिसली पाहिजे. त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. पेन्सिलीचा तुकडा खाली बसवण्यासाठी काचेत थोडी खोली ठेवणार आहेत. शनिवारी मिळेल.